जुने आणि खास पत्त्यांचे कॅट जमवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षे मी मुंबईत पत्त्यांचे कॅट जमवत आलो आहे. या काळात पत्रांतून, फोनवरून आणि नाण्या-तिकिटांच्या प्रदर्शनांत भेटलेल्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते त्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत. हवा तो प्रश्न काढून तेवढाच वाचता यावा अशा रीतीने उत्तरे लिहिली आहेत. दुसऱ्या उत्तराची गरज जिथे लागते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पत्ते तर सगळे सारखेच असतात. त्यात जमवण्यासारखे काय आहे?

बावन्न पाने आणि इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चार रंग एवढा साचा सारखा असतो. बाकी जवळजवळ सगळे बदलते. पाठीची नक्षी, इस्पिकच्या एक्क्यावरचे अलंकरण, जोकराचे चित्र, कागदाची जाडी, डबीवरची अक्षरे आणि छापखान्याचे नाव या प्रत्येक गोष्टीत तो कॅट कोणत्या काळात, कोणासाठी आणि किती काळजीने छापला गेला हे उतरलेले असते. चित्रातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. नेहमीच्या इंग्रजी धाटणीच्या कॅटमध्ये चार राजांपैकी फक्त बदामच्या राजाला मिशी नसते आणि त्याची तलवार डोक्यामागे गेलेली दिसते. इस्पिक आणि बदामचे गुलाम आणि चौकटचा राजा यांचा एकच डोळा आपल्याला दिसतो. लहानपणापासून हाताळलेल्या पानांत या गोष्टी असूनही बहुतेकांनी त्या कधी पाहिलेल्या नसतात, आणि एकदा दिसल्या की त्यांच्याकडे पुन्हा दुर्लक्ष करता येत नाही.

२. ‘जुना’ कॅट कशाला म्हणायचे आणि ‘खास’ कॅट कशाला?

जुना म्हणजे ज्याची छपाई थांबून निदान एक पिढी उलटली आहे असा कॅट, असे मी धरतो. शंभर वर्षांची मर्यादा ओलांडलेल्या वस्तूंना कायद्याने वेगळे नियम लागतात, त्यासाठी प्रश्न १६ पाहावा. खास कॅट म्हणजे एखाद्या चित्रकाराने किंवा संस्थेने मुद्दाम नव्याने रेखाटून मर्यादित संख्येत छापून घेतलेला कॅट. यांतले बरेच आता किकस्टार्टरसारख्या मार्गाने आगाऊ पैसे गोळा करून छापले जातात. या दोहोंच्या मध्ये जाहिरातीचे आणि भेटीचे कॅट येतात: विमान कंपन्या, बँका, औषध कंपन्या आणि हॉटेले यांनी ग्राहकांना वाटलेले. मुंबईत राहणाऱ्याला हा तिसरा वर्ग सर्वांत सहज मिळतो, आणि माझ्या मते या शहराचा इतिहास त्याच वर्गात सर्वाधिक सापडतो.

३. सुरुवात कशी करावी? फार खर्च येतो का?

सुरुवात घरच्या कपाटापासून करावी. गणपतीच्या रात्री जागवण्यासाठी किंवा मे महिन्यात गावच्या ओसरीवर मेंढीकोट आणि बदाम सात खेळण्यासाठी आणलेला एखादा कॅट बहुतेक मराठी घरांत अजूनही सापडतो. तो कोणी आणला, कधी आणला, त्यावर कोण खेळत असे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावे. पैशाचे म्हणाल तर जाहिरातीचे जुने कॅट पुष्कळदा नव्या साध्या कॅटच्या किमतीत मिळतात. परदेशी खास कॅट छापणाऱ्याकडूनच घेतला तर साधारण १० ते २० डॉलरना पडतो, मात्र टपालखर्च आणि आयातशुल्क धरता तो इथे येईपर्यंत दुपटीच्या घरात जाऊ शकतो (प्रश्न १३). पहिल्या वर्षी कॅट कमी घ्यावेत आणि जास्तीत जास्त हातात घेऊन पाहावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

४. मुंबईत जुने कॅट कुठे मिळतात?

चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर जुन्या डब्या, घड्याळे आणि पोस्टरे यांच्या ढिगात पत्त्यांचे कॅट येत असतात. तेथील दुकाने शुक्रवारी बंद असतात, परंतु त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर भरणाऱ्या बाजारात घराघरांतून निघालेला किरकोळ माल येतो आणि आपल्याला हवी असलेली वस्तू बहुधा त्यातच असते. तिथे उजाडण्यापूर्वी जावे लागते आणि सोबत विजेरी न्यावी लागते. फोर्टमधील पदपथावरचे आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळचे जुनी पुस्तके विकणारेही अधूनमधून कॅट बाळगतात. या सगळ्यांपेक्षा मला आपल्या भागातला रद्दीवाला अधिक मोलाचा वाटतो. एखादे जुने घर रिकामे होते तेव्हा पहिली हाक त्याला जाते, आणि पत्त्यांची डबी दिसली तर बाजूला ठेव असे त्याला एकदा नीट सांगून ठेवले की तो ते विसरत नाही.

५. विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

विकणाऱ्याची परवानगी घेऊन पाने एकेका रंगाची लावून मोजावीत. नुसते बावन्न भरले म्हणून समाधान मानू नये, कारण बावन्नात दोन चौकट नश्शी आणि एकही बदाम नश्शी नाही असे मी दोनदा पाहिले आहे. त्यानंतर सर्व पाने पालथी करून पंख्यासारखी पसरावीत, म्हणजे दुसऱ्या कॅटमधून आलेले पान नक्षीच्या किंचित वेगळ्या छटेमुळे लगेच उठून दिसते. कडा एकत्र धरून बाजूने पाहाव्यात. त्यातले एखादे पान बाकीच्यांपेक्षा पांढरे असेल तर ते नंतर घातलेले असते. शेवटी डबी नाकाशी न्यावी. कुबट वास येत असेल तर बुरशी डोळ्यांना दिसत नसली तरी आत आहे असे समजावे आणि तो कॅट घरातल्या इतर कॅटांजवळ लगेच ठेवू नये.

६. कॅटवर वर्ष छापलेले नसते. भारतात छापलेला किंवा विकलेला कॅट किती जुना आहे हे कसे ओळखायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्याचे उत्तर बहुधा पानांपेक्षा डबीवर सापडते.

पहिले पाहायचे ते छापखान्याच्या किंवा विक्रेत्याच्या ठावठिकाण्याची ओळ. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यापूर्वी मुंबईच्या टपाल विभागांना साधे क्रमांक होते. दादर तेव्हा ‘बॉम्बे-१४’ होते, ते पुढे ४०० ०१४ झाले. म्हणजे डबीवर ‘बॉम्बे-१४’ असेल तर ती १९७२ च्या आधीची किंवा फार तर जुना ठसा वापरत राहिलेल्या छापखान्याची, आणि सहा अंक असतील तर ती निश्चितच नंतरची. रोमन लिपीत ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर ती डबी शहराचे नाव अधिकृतपणे बदलल्यानंतरची, म्हणजे १९९५ नंतरची असण्याचा संभव मोठा. मराठीत आपण या शहराला नेहमीच मुंबई म्हणत आलो, त्यामुळे देवनागरीतल्या मजकुराला ही कसोटी लावता येत नाही.

दुसरे लक्षण किमतीचे. किंमत आण्यांत असेल तर कॅट १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असे शब्द असतील तर १९५७ ते १९६४ हा काळ धरावा, कारण १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गळला. डबीवर बारकोड असेल तर विकणारा काहीही सांगो, तो कॅट १९७४ पूर्वीचा असू शकत नाही.

तिसरे लक्षण संस्थेच्या नावाचे. पुष्कळांकडे असणाऱ्या एअर इंडियाच्या कॅटांचे उदाहरण घ्या. या कंपनीचे नाव १९६२ पर्यंत ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ असे होते आणि त्यानंतर ते नुसते ‘एअर इंडिया’ झाले, म्हणून पूर्ण नाव असलेला कॅट वेगळा ठेवावा. कंपनीची ओळख बनलेल्या ‘महाराजा’चे चित्र असेल तर तो कॅट १९४६ नंतरचा, कारण कंपनीचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी ती आकृती त्या वर्षी घडवली.

‘ग्रेट मोगल’ या नावाने मात्र फसू नये. इंग्लंडमध्ये उत्तम प्रतीच्या पत्त्यांना दिले जाणारे हे नाव पुढे अनेक छापखान्यांनी वापरले आणि भारतात या नावाचे कॅट खूप विकले गेले. नाव सारखे म्हणून छापखाना किंवा काळ सारखा असे होत नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट विसरता कामा नये: ही लक्षणे डबीचे वय सांगतात. डबीत नंतर दुसराच कॅट घातलेला असू शकतो. पाठीची नक्षी डबीवरच्या चित्राशी जुळते का, आणि इस्पिकच्या एक्क्यावरचे नाव डबीवरच्या नावाशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

७. आजोबांच्या ट्रंकेत इंग्लंड-अमेरिकेचे कॅट सापडले आहेत. त्यांचा काळ कसा ठरवायचा?

इंग्लंडमध्ये पत्त्यांवर १७११ पासून कडक कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून १७६५ पासून इस्पिकचा एक्का सरकारी मुद्रांक कार्यालयच छापत असे. असा एक्का खोटा छापणे हा देहदंडाचा गुन्हा होता आणि १८०५ मध्ये रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला त्यासाठी फाशी झाली. १८२८ ते १८६२ या काळातला एक्का इतक्या गुंतागुंतीच्या नक्षीचा होता की त्याला ‘ओल्ड फ्रिझल’ असे टोपणनाव पडले. १८६२ नंतर छापणाऱ्यांना आपापले एक्के परत मिळाले, पण तोवर या पानावर सर्वांत जास्त नक्षी काढण्याची रीत पक्की झाली होती आणि ती आपल्याकडच्या स्वस्तातल्या स्वस्त कॅटमध्येही आजपर्यंत टिकून आहे. इंग्लंडमधला कर १९६० मध्ये रद्द झाला. निर्यातीच्या कॅटांसाठी एक्के वेगळे असत, म्हणून भारतात सापडलेल्या इंग्रजी कॅटची तुलना इंग्लंडमधल्या कॅटशी जपून करावी.

चित्रांवरूनही अंदाज बांधता येतो. राजा-राणीची चित्रे डोक्यापासून पायापर्यंत एकेरी असतील तर कॅट बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आधीच्या धाटणीचा. दोन्ही बाजूंनी सुलट दिसणारी चित्रे त्यानंतर रूढ झाली. कोपऱ्यातले अंक आणि अक्षरे १८७० च्या दशकात प्रचारात आली आणि गोलसर कोपरेही साधारण त्याच सुमारास. जोकर १८६० च्या दशकात अमेरिकेत यूकर या खेळासाठी आला, म्हणून त्याआधीच्या कॅटमध्ये जोकर नसणे हे उणेपण नव्हे. मात्र जुन्या धाटणीचे नवे कॅटही छापले जातात, तेव्हा एका लक्षणावर विसंबू नये.

अमेरिकन कॅटच्या डबीवर कराचे तिकीट असेल तर तो १८९४ ते १९६५ या काळातला असण्याचा संभव मोठा. हा कर सुरुवातीला २ सेंट होता आणि शेवटी १३ सेंटांवर गेला. सिनसिनाटीत १८८१ पासून पत्ते छापणाऱ्या आणि १८८५ मध्ये ‘बायसिकल’ हे नाव बाजारात आणणाऱ्या युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनीच्या कॅटमध्ये इस्पिकच्या एक्क्यावर एक रोमन अक्षर आणि चार अंक असतात. त्यातले अक्षर वर्ष सुचवते, पण अक्षरांचा क्रम सुमारे वीस वर्षांनी पुन्हा फिरून येत असल्यामुळे डबी, तिकीट आणि अक्षर ही तिन्ही एकत्र पाहूनच वर्ष ठरवावे. या कंपनीचा कारखाना २००९ मध्ये केंटकीतील अर्लांगरला हलला, त्यामुळे डबीवर सिनसिनाटी आहे की अर्लांगर यावरूनही अलीकडचे कॅट वेगळे काढता येतात.

८. सीलबंद कॅट उघडावा की तसाच ठेवावा?

नवा खास कॅट आवडला असेल तर शक्य झाल्यास दोन घ्यावेत, एक पाहण्यासाठी आणि एक बंद ठेवण्यासाठी. जुना कॅट सीलबंद मिळाला तर उघडू नये, कारण उघडलेले सील पुन्हा लावता येत नाही आणि बंद असण्यालाच मोल असते. या सल्ल्याला मुंबईत एक अपवाद आहे. पारदर्शक वेष्टनाच्या आतून डाग किंवा ओल दिसत असेल तर मोह बाजूला ठेवून सील फोडावे. बंद वेष्टनात वाढणारी बुरशी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबत नाही.

९. मुंबईच्या पावसाळ्यात कॅट कसे जपायचे?

पत्त्याचे पान म्हणजे साधारणपणे दोन कागद आणि त्यांच्यामध्ये उजेड आरपार जाऊ नये म्हणून घातलेला काळसर गोंद. दमट हवेत दोन्ही कागद सारखे फुगत नाहीत, म्हणून पान वाकते. ओल टिकून राहिली की गोंद सैल होतो आणि मग बुरशी धरते.

बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात कॅट ठेवू नयेत, कारण जुलैत त्या भिंतीला ओल येते आणि कपाटाच्या आतल्या पत्र्यावर पाणी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. हवा अगदी कोरडी करणेही चांगले नाही, त्याने जुना कागद ठिसूळ होतो. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात. पाने पाहायची असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.

रबरबँड कधीही लावू नये. आपल्या हवेत तो दोन-तीन वर्षांत वितळतो, वरच्या आणि खालच्या पानाला तपकिरी पट्टा चिकटवून ठेवतो आणि तो डाग निघत नाही. त्याऐवजी साध्या पांढऱ्या कागदाची पट्टी गुंडाळावी. डांबराच्या गोळ्या आणि कापूर यांचा वास पानांत कायमचा मुरतो. कडुनिंबाचा पाला डाग पाडतो. कसर आणि झुरळे यांवर उत्तम उपाय म्हणजे घट्ट डबा आणि दर दोन महिन्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी केलेली पाहणी. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या कालांतराने चिकट होतात, त्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्यात.

आणि कॅट जमिनीजवळच्या खणात ठेवू नयेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी कुर्ल्याला तळमजल्यावर राहत होतो आणि माझे अकरा कॅट सर्वांत खालच्या खणात होते. पाणी ओसरल्यावर प्रत्येक कॅटची एकेक वीट झाली होती. मी पाने सोडवू लागलो तेव्हा पान पानापासून सुटण्याऐवजी पानाचे तोंड त्याच्याच पाठीपासून सुटत गेले आणि मधला काळा गोंद बोटांना लागत राहिला. भिजलेला कॅट वाचवायचा असेल तर पाने ओली असतानाच एकेक सरकवून वेगळी करावीत आणि टिपकागदात सपाट दाबून वाळवावीत. अर्धवट सुकल्यावर हात लावू नये. हे मला तेव्हा माहीत नव्हते.

१०. एका खोलीच्या घरात एवढी जागा कुठून आणायची?

बुटांच्या एका खोक्यात सुमारे तीस कॅट उभे मावतात, म्हणून जागेचा प्रश्न पहिली काही वर्षे खरोखर येत नाही. वजनाचा येतो: एक कॅट शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरतो, आणि तीनशे कॅट भिंतीवरच्या हलक्या फळीवर ठेवणे धोक्याचे आहे. जागा कमी असणे ही मी अडचण मानत नाही. तिच्यामुळे संग्रहाला विषय ठरवावा लागतो, मग तो विमान कंपन्यांचा असेल, मुंबईत छापलेल्या कॅटांचा असेल किंवा केवळ जोकरांचा असेल.

११. सावंतवाडीचा गंजिफा या छंदात येतो का? तो कसा असतो?

येतो, आणि मराठी माणसाच्या संग्रहात त्याला मानाची जागा असावी असे मला मनापासून वाटते. गंजिफा म्हणजे आपल्याकडचा पत्त्यांचा जुना प्रकार. त्याची पाने गोल असतात आणि हाताने रंगवलेली असतात. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल गंजिफात आठ रंगांची मिळून ९६ पाने असतात. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने असतात. यातल्या अर्ध्या रंगांत दहा हे अंकांतले सर्वांत वरचे पान असते आणि उरलेल्या अर्ध्यांत एक. त्यामुळे नवख्याचा पहिला डाव हमखास चुकतो. दिवसा खेळताना ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने उतारी करायची आणि रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा असेल त्याने, हा नियम मला फार आवडतो.

पानासाठी कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून गोल कापतात, त्यावर रंग भरतात आणि वरून लाखेचे रोगण देतात. सावंतवाडीत हे काम चितारी कारागीर करत आले. ही कला जवळजवळ संपत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात तिला राजवाड्यातच आसरा दिला आणि पुन्हा उभे केले. सावंतवाडीच्या गंजिफाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बारीक कामाच्या संचांना दरबार कलम आणि साध्या कामाच्या संचांना बजार कलम म्हणतात. नवा संच घ्यायचा असेल तर सावंतवाडीला जाऊन रंगवणाऱ्यासमोर बसून घ्यावा, आणि ज्याने रंगवला त्याचे नाव त्याच्या संमतीने डब्यात लिहून ठेवावे. जुन्या संचांच्या बाबतीत प्रश्न १५ आणि १६ आधी वाचावेत.

१२. घरचे म्हणतात, पत्ते म्हणजे जुगार. एवढे कॅट बाळगले तर पोलिसांचा त्रास होईल का?

पत्त्यांचे कॅट घरात ठेवणे, विकत घेणे किंवा प्रदर्शनात मांडणे हा गुन्हा नाही. महाराष्ट्रात लागू असलेला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा पैसे लावून खेळणे, त्यासाठी अड्डा चालवणे आणि सार्वजनिक ठिकाणी जुगार खेळणे यांविषयी आहे. घरच्यांची काळजी मात्र हसण्यावारी नेऊ नये. पत्त्यांपायी उद्ध्वस्त झालेले कोणीतरी प्रत्येक कुटुंबाच्या आठवणीत असते. माझ्या आईने पहिली दोन वर्षे माझे कॅट देवघर असलेल्या खोलीत ठेवू दिले नाहीत. दशावतारी गंजिफाची चित्रे तिला दाखवल्यावर तिचा विरोध मावळला.

१३. परदेशातून कॅट मागवला तर कस्टम ड्युटी लागते का? मित्राने भेट म्हणून पाठवला तर?

लागते, आणि ती कॅटच्या किमतीवर टपालखर्च आणि विमा मिळवून येणाऱ्या रकमेवर आकारली जाते. दर बदलत असल्यामुळे मागवण्यापूर्वी तो पाहून घ्यावा. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला पूर्वी जी सूट होती ती डिसेंबर २०१९ मध्ये काढण्यात आली, त्यामुळे पाकिटावर ‘भेट’ लिहिल्याने काही साधत नाही. टपालाने येणारी पार्सले मुंबईत बॅलार्ड इस्टेट येथील विदेश डाकघरातून जातात. पावती मिळाली नाही किंवा किंमत कमी लिहिली असली तर पार्सल अडकते, म्हणून पाठवणाऱ्याला खरी किंमत लिहून पावतीची प्रत बाहेर चिकटवण्यास सांगावे. चार-पाच जणांनी मिळून एकत्र मागवल्यास टपालखर्च वाटला जातो.

१४. गुंतवणूक म्हणून कॅट घ्यावेत का?

मी घेऊ नयेत असे सांगतो. या संदर्भात नेहमी ‘जेरीज नगेट’चे उदाहरण दिले जाते. लास वेगासजवळच्या या कॅसिनोने १९७० मध्ये छापून घेतलेले कॅट तिथल्या भेटवस्तूंच्या दुकानात वर्षानुवर्षे किरकोळ किमतीला पडून होते. साठा संपल्यावर जादूगार आणि संग्राहक त्यासाठी शेकडो डॉलर मोजू लागले. परंतु ते कॅट दुर्मीळ होणार हे विकताना कोणाला माहीत नव्हते, म्हणूनच ते जपले गेले नाहीत आणि म्हणूनच दुर्मीळ झाले. ‘मर्यादित प्रती’ असे डबीवर आधीच छापलेले कॅट शेकडो लोक सीलबंद जपतात. कॅसिनोच्या कॅटांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो की मधोमध भोक पाडलेला किंवा कोपरे छाटलेला कॅट खराब नसतो. टेबलावरून काढलेले कॅट पुन्हा खेळात येऊ नयेत म्हणून कॅसिनोच तसे करतात.

१५. आमच्या घरात वाडवडिलांपासून एक गंजिफा आहे. तो हस्तिदंताचा असावा. विकता येईल का?

नाही. हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी बंदी आहे, आणि वस्तू जुनी असली तरी ती उठत नाही. कासवाच्या पाठीच्या पानांनाही हेच लागू आहे. वारसाने आलेल्या वस्तूच्या मालकीविषयी वनविभागाकडे लेखी विचारणा करावी आणि तोवर ती कोणाला देऊ-घेऊ नये. विकणारा ‘हे हाडाचे आहे’ असे म्हणत असला तरी खात्री नसेल तर हात लावू नये.

१६. आमचा कागदी गंजिफा शंभर वर्षांहून जुना आहे. तो अमेरिकेतल्या भाच्याला पाठवला तर चालेल का?

शंभर वर्षे पूर्ण झालेली कलावस्तू पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ अन्वये पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती भेट असली तरीही. ती पुरावस्तू आहे की नाही याबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्यावा लागतो. त्यांचे मुंबई मंडळाचे कार्यालय शीव किल्ल्यावर आहे. भाचा इथे येईल तेव्हा त्याला गंजिफा समोर मांडून दाखवावा आणि त्याचा एक डाव शिकवावा. नवा संच सावंतवाडीहून आणून त्याच्याबरोबर देण्यास काहीच हरकत नाही.

१७. नोंद कशी ठेवावी?

एक साधी शंभरपानी वही पुरते. प्रत्येक कॅटला क्रमांक द्यावा आणि तो डबीवर न लिहिता आत ठेवलेल्या कागदावर लिहावा. कुठून मिळाला, केव्हा, किती रुपयांना, पाने किती, जोकर किती, कोणत्या पानाला काय झाले आहे आणि काळ ठरवला असल्यास कशावरून, हे सगळे मिळाल्या दिवशीच लिहावे. विकणाऱ्याने सांगितलेली हकीकत ‘सांगितलेली’ म्हणून वेगळी लिहावी. डबीच्या आतल्या बाजूला कोणी पेन्सिलने डावांचे हिशेब मांडले असतील तर ते खोडू नयेत. माझ्याकडच्या एका डबीत ‘भाऊ’ आणि ‘ताई’ अशा दोन नावांखाली कोटांच्या रेघा ओढलेल्या आहेत आणि ताईच्या बाजूला त्या दुप्पट आहेत.

१८. एक-दोन पाने हरवलेला कॅट घ्यावा का? आणि हरवलेली पाने दुसऱ्या कॅटमधून भरून काढावीत का?

कॅट सहज मिळणारा असेल तर पुरा मिळेपर्यंत थांबावे. दुर्मीळ असेल तर अपुराही घ्यावा, आणि तो अपुरा आहे हे वहीत आणि देताना-विकताना तोंडी, दोन्हीकडे सांगावे. दुसऱ्या कॅटमधून पान घालायचेच झाले तर ते त्याच छपाईचे असावे आणि त्याची नोंद असावी. नोंद न करता घातलेले पान पुढच्या संग्राहकाची फसवणूक करते.

मूळ मालकांनीच घातलेले बदली पान मात्र काढून टाकू नये. गिरगावातून आलेल्या माझ्याकडच्या एका कॅटमध्ये किलवरची सत्ती नाही. तिच्या जागी सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईने काढलेली सत्ती आहे, किलवरच्या सातही खुणा नीट मोजून, देठांसकट. तिची पाठ वेगळी असल्यामुळे ती कोणाच्या हातात आहे हे खेळणाऱ्या सगळ्यांना दिसत असणार, तरीही तिच्या कडा उरलेल्या एक्कावन्न पानांइतक्याच झिजलेल्या आहेत.